सर टाइम-आउट घेत नाहीत

पहिल्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला पुन्हा लाल, चौथ्याला निळं. बास्केटबॉलच्या स्कोअरशीटची ही रीत हाताला इतकी बसलीय की घरी किराण्याची यादी लिहितानाही मधेच पेन बदलावंसं वाटतं. बारा वर्षं झाली, बँकेतून सुट्टी काढून मी आंतर-महाविद्यालयीन सामन्यांना टेबलावर बसतो. शेजारी घड्याळवाला, त्याच्या पलीकडे चोवीस सेकंदवाला आणि माझ्यासमोर कार्बन घातलेली शीट. मैदान माझ्याइतकं जवळून कुणालाच दिसत नाही, आणि टाळी वाजवायची बंदीही मलाच.

गेल्या डिसेंबरातली सकाळ. थंडी अशी की पोरं वॉर्म-अपला स्वेटर घालूनच ले-अप मारत होती. नंदनवनकडच्या एका कॉलेजचा सामना होता. नाव देत नाही, कारण पोरं विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या सरांनी तेवढी एकच अट घातली होती. नियमाप्रमाणे सामन्याच्या दहा मिनिटं आधी कोच टेबलावर येतो, सुरुवातीचे पाच खेळाडू सांगतो आणि सही करतो. सरांनी पाच नंबर सांगितले. चौथा नंबर ऐकून मी मान वर केली. सात नंबर, फर्स्ट इयरचा, आणि त्याला बॉल हँडलर म्हणून उतरवत होते. फायनल इयरचा कॅप्टन त्याच जागेवर तीन वर्षं खेळलेला, तो बाजूच्या जागेवर सरकला होता.

चार मिनिटांत नऊ-शून्य. समोरच्या संघाच्या दोन पोरांनी सात नंबरला हाफ लाइनच्या कोपऱ्यात गाठायचं, त्यानं घाबरून ड्रिबल थांबवायची आणि बॉल जायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझ्या शीटवर एका बाजूचे आकडे तिरप्या रेघांनी भरत चाललेले, दुसरी बाजू कोरी. कठड्यावर बसलेले सीनियर ओरडायला लागले. "सर, काढा ना त्याले!" घड्याळवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. टाइम-आउट मागायचा तर कोचनं टेबलापाशी येऊन हातानं खूण करायची असते. खेळाडूला तो अधिकार फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात नाहीच. मी पेन उचलून तयार राहिलो.

सर खुर्चीवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. उठले नाहीत.

शीटवर संघाच्या नावाखाली छोटे चौकोन असतात. पहिल्या हाफचे दोन, दुसऱ्या हाफचे तीन. टाइम-आउट घेतला की त्या चौकोनात खेळाचं मिनिट लिहायचं. नाही घेतला तर हाफ संपल्यावर रिकाम्या चौकोनात दोन आडव्या समांतर रेघा ओढायच्या, म्हणजे नंतर कुणी काही घुसडू नये. इतकी वर्षं शीट भरल्यावर मला एक सवय लागलीय: कोच कसा आहे ते मी त्याच्या ओरडण्यावरून ठरवत नाही, चौकोनांवरून ठरवतो. बहुतेकांचे चौकोन पहिल्या पाच मिनिटांतच भरायला लागतात. या सरांच्या पहिल्या हाफमध्ये हमखास एक तरी चौकोन रिकामा असतो, आणि ज्या सामन्यात त्यांनी नवीन पोर उतरवलंय त्या सामन्यात तर दोन्ही.

हे नेमकं काय चाललंय ते समजायला मला दोन हंगाम लागले.

आधी नंदनवनबद्दल. ग्रेट नाग रोडनं जगनाडे चौक ओलांडला की कर्मवीर दादासाहेब कन्नमवारांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. १९८४ साली सुरू झालं, आणि आसपासच्या वस्तीचा रंगच बदलला. आम्ही शाळेत होतो तेव्हा हा भाग म्हणजे हाउसिंग बोर्डाचे गाळे, मोकळे प्लॉट आणि नाग नदीकडून येणारा वास. आता होस्टेल, मेस, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या, टिफिनच्या पाट्या. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडची पोरं इथे खोली करून राहतात. पण खेळाचं म्हणाल तर नागपुरात बास्केटबॉल पश्चिमेला राहतो. शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ, तिकडची पोरं सहाव्या-सातव्या वर्षी बॉल धरतात. आई स्कूटरवर आणून सोडते, दोन तास बाजूला बसून स्वेटर विणते किंवा मोबाइल बघते. पूर्वेकडे मात्र कबड्डी, खो-खो, फार तर कुस्ती. आमच्याकडचं पोट्टं पायानं चपळ, अंगानं काटक, अंगाला अंग भिडलं तरी न डरणारं. पण बास्केटबॉलचा बॉल त्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो अठराव्या वर्षी, कॉलेजात. तोही रबरी, टप्पे खाऊन गुळगुळीत झालेला.

म्हणजे सरांना शिकवायचंय ते असं पोरगं, ज्याला पश्चिमेकडचं पोर बारा वर्षांत जे शिकलं ते चार वर्षांत यायला हवं.

आणि ती चार वर्षं तरी पूर्ण कुठे मिळतात? कॉलेजात बास्केटबॉलचा वेगळा कोच नसतो. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे पोरांच्या भाषेत स्पोर्ट्स सर. सकाळी कबड्डीची निवड, दुपारी बुद्धिबळाच्या याद्या, मधे कुणाच्या तरी प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात बास्केटबॉल. प्रॅक्टिकल असेल तर निम्मी पोरं सहाला उगवतात. हंगाम ऐन हिवाळी परीक्षेच्या तोंडावर. सरावाला एकदम दहा पोरं हजर, असे दिवस मोजून ठेवावेत इतके कमी. दहा नसले की पाच विरुद्ध पाच होत नाही, आणि पाच विरुद्ध पाच झालं नाही की हाफ लाइनच्या कोपऱ्यात दोघांनी गाठलं तर काय करायचं, हे सांगून कळतं पण अंगात उतरत नाही.

त्यामुळे सराव हा वर्ग आणि सामना ही परीक्षा, असा आपला जो शहाणा समज आहे तो इथे लागू होत नाही. सामना हाच वर्ग.

आता या वर्गाचं वेळापत्रक बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. हरलात की पुढच्या वर्षी या. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे चाळीस मिनिटं. मैदानात पाच जण, म्हणजे एका सामन्यात वाटायला एकूण दोनशे मिनिटं. बाकावर धरून बारा पोरं. पहिल्याच सामन्यात हरलं तर वर्षभराचं रेशन दोनशे मिनिटं. अमेरिकेत कॉलेजचा संघ हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. तिकडच्या कोचला नवख्या पोराला दर सामन्यात पाच मिनिटं द्यायची म्हटली तरी त्याची वर्षाकाठी दीडशे होतात. आमच्या सरांना एका सामन्यात तेवढी देताच येणार नाहीत, पोराला सगळा सामना खेळवला तरी चाळीसच होतात.

सर ही मिनिटं खरोखर लिहून ठेवतात. कॉलेजच्या जुन्या डायरीत, मागच्या पानापासून. एका रकान्यात नंबर, दुसऱ्यात मिनिटं. शीटवर खेळाडू मैदानात उतरल्याची फुली असते, किती मिनिटं खेळला ते नसतं, म्हणून सामना झाला की ते मला विचारतात, "बाराला कधी टाकलं होतं मी, आठवते का?" मला आठवतं. ती त्यांची आणि माझी ओळख.

त्या डायरीकडे पाहून मला माझं आठवतं. मी पण कॉलेजात खेळलो. खेळलो म्हणजे जर्सी होती. तीन वर्षं बाकावर बसलो, पाणी आणलं, बॉल पुसले. तिसऱ्या वर्षी, वीस गुणांनी मागे असताना, शेवटची तीन मिनिटं उरल्यावर आमच्या तेव्हाच्या कोचनी मला उतरवलं. बॉल हातात आला. मी आयुष्यभराची घाई करून मारला. रिंगला, बोर्डला, कशालाच लागला नाही. शिट्टी वाजली, बदली खेळाडू उठलेला दिसला, मी बाहेर. अर्धं मिनिट झालं असेल. कोच काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं या सरांच्या न बोलण्यासारखं नव्हतं. पुढच्या वर्षी मी नाव दिलं नाही. खेळ सोडवला नाही म्हणून टेबलावर आलो. हे रडगाणं नाही. शीट सुंदर भरतो मी, विचारा कुणालाही. पण चूक झाल्याक्षणी खेळाडू कुणीकडे बघतो, ते मला तेव्हापासून नीट दिसतं. तो बाकाकडे बघतो.

सात नंबरनंही तेच केलं. तिसऱ्यांदा बॉल गेला आणि त्याची मान आपोआप बाकाकडे वळली. सर त्याच्याकडे बघतच नव्हते. समोरच्या संघाचं नीट मांडलेलं आक्रमण बघत होते, जणू तेवढीच गोष्ट महत्त्वाची. पोराला नाइलाजानं मान परत वळवून धावावं लागलं.

कोचनं सामन्यात गप्प बसावं, ही गोष्ट या खेळात नवी नाही. उलट मूळ तीच. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत जेम्स नेस्मिथनं जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, नऊ-नऊ पोरांचे दोन संघ केले. त्या तेरा नियमांत पंच आहेत, कोच नाही. पुढे हा माणूस कॅन्सस विद्यापीठात गेला, तिथल्या संघाचा पहिला कोच झाला आणि ५५ सामने जिंकून ६० हरला. त्या विद्यापीठाच्या कोचमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला आजतागायत तोच एक, खेळ शोधणारा. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्याचं मत. आणि त्याचाच विद्यार्थी फॉग ॲलन पुढे कोच म्हणून गाजला. १९१० नंतर तर अमेरिकेत नियमच झाला की सामना चालू असताना बाहेरून कुणी शिकवायचं नाही. एकदा ताकीद, नंतर समोरच्याला फ्री थ्रो. टाइम-आउटमध्ये कोचला खेळाडूंशी बोलायची परवानगी मिळाली ती थेट १९४८-४९च्या हंगामात. तोवर खेळाडू आपापसात गोल करून ठरवायचे आणि कोच लांबून बघायचा. आजचा टाय लावून बाजूच्या रेषेवर नाचणारा कोच हा त्या मानानं बराच अलीकडचा प्राणी.

नियम सुटल्यावरही गप्प बसणारे राहिलेच. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेते. सामन्यात हा माणूस हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून बसायचा. आपलं काम सामन्याआधीच संपलं, ही त्यांची धारणा. पण ते काम कसलं होतं, ते पाहण्यासारखं आहे. १९७४-७५ मध्ये गॅलिमोर आणि थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावांना वही घेऊन बसले. वुडन शिकवताना जे जे करतात, बोलतात, त्याची एकेक नोंद केली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे पंचाहत्तर टक्क्यांत काही ना काही सूचना होती, काय कर, कसं कर. निव्वळ कौतुक सात टक्केसुद्धा नव्हतं, निव्वळ नाराजीही साधारण तेवढीच. आणि बोलणं क्वचितच वीस सेकंदांवर जाई. शाब्बास नाही, गधड्या नाही; नुसतं, पाय असा ठेव.

वुडनना रोज भरगच्च सराव मिळायचा, म्हणून सामन्यात गप्प बसणं परवडायचं, असं मी एकदा सरांना म्हटलं. सर हसले. "आमाले सराव भेटत नाही म्हणून गप्प बसाव लागते. त्याले सामन्यात तरी विचार करू द्या." हे उत्तर मला आवडलं, पण अर्धंच पटलं. कारण सर गप्प बसतात ते टाइम-आउटच्या बाबतीत. बाकी ते सामन्याच्या फटीफटीत शिकवत असतात, फक्त कठड्यावरच्या लोकांना दिसत नाही.

पहिल्या क्वार्टरची सहा मिनिटं झाल्यावर त्यांनी सात नंबरला बाहेर घेतलं. कठड्यावर टाळ्या पडल्या, म्हणजे सीनियरांना वाटलं आपलं ऐकलं. पोरगं खाली मान घालून बाकाच्या टोकाला जायला निघालं. सरांनी आपल्या डावीकडची खुर्ची थोपटली. ती खुर्ची नेहमी रिकामी ठेवतात ते. माझ्या टेबलापासून ती सहा-सात फुटांवर, त्यामुळे ऐकू येतं.

"तुले गाठते ते दोघं कोन्त्या नंबरचे हायेत?"

पोराला सांगता येईना.

"पाह्य मंग."

बस. त्याच्या जागी कॅप्टन बॉल आणत होता. सर आणि सात नंबर दोघंही तिकडे बघत राहिले. मिनिटभरानं पोरगं म्हणालं, "चार आणि नऊ, सर." "नऊ नंबर कुठून येते?" परत गप्प. परत बघणं. मग एकदम, "सर, तो मधला माणूस सोडून येते!" सरांनी मान डोलावली. नऊ नंबर सापळा लावायला येतो तेव्हा मधला माणूस मोकळा पडतो, हे सरांना पहिल्याच मिनिटाला दिसलं असणार. त्यांनी टाइम-आउट घेऊन सांगितलं असतं तर वीस सेकंदांचं काम. पण मग ते सरांना दिसलेलं असतं. दोन मिनिटांनी सात नंबर परत मैदानात, आणि जाताना पाठीवर थाप नाही, काही नाही.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला वाटतं सगळी कला तिथे आहे. चूक केल्यावर बाहेर काढलं की पोराला ती शिक्षा वाटते, आणि शिक्षा नाही असं तोंडानं कितीही सांगितलं तरी पटत नाही. पटतं एकाच गोष्टीनं: त्याच हाफमध्ये परत पाठवल्यानं. मला आठवतं, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांची या बाबतीत एक छान पद्धत होती. दमलेल्या खेळाडूनं मूठ वर करायची, कोचनं त्याला बाहेर घ्यायचं, आणि परत कधी जायचं ते खेळाडूनं ठरवायचं. मात्र न सांगता मैदानावर आराम करताना दिसलास तर बाहेर कोच काढणार आणि परत कधी ते कोचच ठरवणार. म्हणजे दम लागला हे कबूल करणाऱ्याचा फायदा. आमच्या सरांनी हेच उचललंय, फक्त मुठीऐवजी जर्सीचं टोक ओढायचं. मूठ वर केली तर आमच्याकडचे पंच त्याला हुज्जत समजायचे.

याच स्मिथनी १९८२च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका गुणानं मागे असताना, जेमतेम अर्धं मिनिट उरलं असता टाइम-आउट घेतला, आणि जॉर्जटाउनचे खेळाडू आत गर्दी करतील तेव्हा फर्स्ट इयरच्या एका पोराला बाहेर मोकळा शॉट मिळेल, तो त्यानं मारावा, असं ठरवून दिलं. पोराचं नाव मायकल जॉर्डन. ६३-६२. चांगला कोच टाइम-आउट कशासाठी साठवून ठेवतो, ते त्यात दिसतं. आणि न साठवल्याचं काय होतं, ते १९९३ला स्मिथ यांच्याच संघासमोर मिशिगनच्या ख्रिस वेबरनं दाखवलं. वेबर आणि त्याचे चार साथीदार, मिशिगनचे हे पाच जण आदल्या वर्षी सगळेच्या सगळे फर्स्ट इयरचे, आणि पाचही सुरुवातीपासून मैदानात, म्हणून जगभर गाजलेले. दोन गुणांनी मागे, अकरा सेकंद उरलेले, वेबरला दोघांनी कोपऱ्यात गाठलं, आणि त्यानं हातानं टी करून टाइम-आउट मागितला. संघाकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाउल, दोन फ्री थ्रो, वर बॉलही समोरच्यांना. सामना तिथेच गेला. वेबर तेव्हा वीस वर्षांचा होता. फिबाच्या नियमात खेळाडूनं टाइम-आउट मागायचाच नसल्यानं आमच्याकडे ही पाळी कुणावर येत नाही. पण तो कोपरा मात्र तोच असतो.

हाफ लाइनचा कोपरा फार वाईट. आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात आणायचा, आणि एकदा आणला की मागे नेता येत नाही. म्हणजे कोपऱ्यात शिरलात की समोर दोन माणसं, बाजूला सीमारेषा, मागे हाफ लाइन. चौघांनी घेरल्यासारखं. शनिवारी संध्याकाळी इतवारीच्या गल्लीत कार घालण्यातला प्रकार. शहाणा माणूस गल्लीत शिरल्यावर रिव्हर्स कसा घ्यायचा ते शिकत नाही, गाडी गांधीबागेतच लावून पायी जातो. सात नंबरला हे कळायला दुसरा क्वार्टर अर्धा जावा लागला. एकदा तो हाफ लाइनच्या दोन पावलं अलीकडेच थांबला, नऊ नंबर धावत येईपर्यंत ड्रिबल चालू ठेवली आणि मधल्या माणसाला टप्प्याचा पास दिला. पुढे दोन विरुद्ध एक. सोपा ले-अप. शीटवर मी निळी तिरपी रेघ ओढली आणि पास घेणाऱ्याचा नंबर लिहिला. पास देणाऱ्याचा नंबर लिहायला शीटवर जागा नाही.

पोराची मान परत बाकाकडे वळली, या वेळी हसत. सर बाटलीतून पाणी पीत होते. मला त्यांचा थोडा राग आला, खरं सांगतो.

पहिल्या हाफच्या शेवटी मी दोन्ही चौकोनांत समांतर रेघा ओढल्या. सात गुणांनी मागे होते.

टाइम-आउट त्यांनी पहिला घेतला तिसऱ्या क्वार्टरमध्ये, आणि तोही फार विचित्र वेळी: त्यांच्याच संघानं ओळीनं बॉल अडवले असताना. टाइम-आउट एक मिनिटाचा, पन्नासाव्या सेकंदाला भोंगा. त्या साठ सेकंदांत पोरं येऊन बसायला आठ-दहा जातात, पाण्याच्या बाटल्या फिरायला तेवढेच. बोलायला उरतात तीसेक. यात पाच वेगवेगळ्या सूचना देणारे कोच मी पाहिलेत. पोरं मैदानात जातात तेव्हा एकमेकांना विचारत जातात, काय म्हणाले रे? सर त्या तीस सेकंदांत फक्त त्यांच्या उंच पोराशी बोलले. चंद्रपूरकडचा, सहा फूट दोन, कबड्डीतून आलेला. त्याचे तीन फाउल झाले होते. पाच झाले की बाहेर. कबड्डीवाल्याचे हात खाली जातात, माणूस दिसला की पकडायला बघतात. सरांनी त्याला उभं केलं, दोन्ही मनगटं धरून हात सरळ वर नेले आणि तसेच धरून ठेवले. बाकीचे चौघं बघत होते. भोंगा वाजेपर्यंत तसेच. एकच वाक्य: "असे. बॉल गेला तरी चालन." पुढची अकरा मिनिटं तो पोरगा शरण आल्यासारखे हात वर करून खेळला. शीटवर त्याचा चौथा फाउल पडलाच नाही.

पोरींच्या संघाचं गणित वेगळं आहे. सरांकडे मुलींच्या संघात मागच्या वर्षी सात जणी होत्या, त्यांतल्या एकीचं साडेसहानंतर थांबणं घरी चालत नव्हतं. बाकावर दोनच जणी म्हटल्यावर कुठली खुर्ची आणि कुठलं बघत बसणं. शिकवायचं ते फ्री थ्रोच्या वेळी, बॉल बाहेर गेल्यावर, बुटाची लेस बांधता बांधता. त्या सामन्यांना सर उभे असतात आणि भरपूर बोलतात. कुणी पाहिलं तर म्हणेल हा दुसराच माणूस. नागपूरची सिया देवधर भारताच्या संघातून खेळली, पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारताचं कर्णधारपद केलं. ही नावं या पोरींना पाठ आहेत. एकीच्या वहीच्या आत शिरीनचा फोटो चिकटवलेला मी पाहिला. पण या दोघींच्या आणि हिच्या मधे सकाळी साडेपाचची बस, परत जायची ऑटो आणि आईचं तोंड आहे.

आयांचा मुद्दा येतोच. बापांचा जास्त. खेळून काय होणार, असं विचारणाऱ्या बापाला सर काय उत्तर देतात? विद्यापीठाचे प्रोत्साहन गुण, शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागाच्या आंतर-विद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र. ते सगळं खरं आहे आणि सगळं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. म्हणूनच निवड समिती बसलेली असेल त्या सामन्यात कोचनं कुणाला खेळवायचं, हा प्रश्न साधा नाही. फायनल इयरच्या पोराची ही शेवटची संधी. त्याची मिनिटं कापून फर्स्ट इयरला दिली तर पुढचं वर्ष सुधारतं, पण या पोराचं पुढचं वर्ष नाही.

हा प्रश्न त्या दिवशी चौथ्या क्वार्टरमध्ये समोर येऊन उभा राहिला. दोन मिनिटं उरली, एका गुणानं मागे. सरांकडे दोन टाइम-आउट शिल्लक. सात नंबर मैदानात, कॅप्टन मैदानात. कॅप्टननं बॉल मागितला, सात नंबरनं दिला नाही. त्यानं मधे मोकळा माणूस पाहिला होता, आणि खरंच होता. पास थोडा मागे पडला. बॉल गेला, समोर ले-अप, तीन गुणांचं अंतर. टेबलावर माझा हात पेनवर. आता तरी येतील. घड्याळवाला तर भोंग्यावर बोट ठेवून बसला होता, कारण शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं आणि बास्केट खाल्लेल्या संघाला टाइम-आउट मिळतो. सर उभे राहिले. टेबलाकडे आले नाहीत. बॉल सात नंबरकडेच.

या वेळी त्यानं बॉल चांगला आणला, कॅप्टनला बाहेरच्या रेषेवर दिला, कॅप्टननं मारला आणि रिंगवरून निसटला. शेवटचा टाइम-आउट मिनिटभरानंतर झाला, पण तेव्हा फक्त फाउल करून घड्याळ थांबवणं उरलं होतं. चार गुणांनी हरले. त्या कॉलेजचं वर्ष तिथे संपलं.

कॅप्टन सरांशी बोलला नाही. बॅग उचलली, बूट न काढता गेटकडे गेला. तीन वर्षं त्यानं त्या संघासाठी सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले होते. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सर, तो एक टाइम-आउट. मला तो चूक वाटत नाही. सरही चूक वाटत नाहीत, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला बँकेच्या खात्यासारखं जुळवता येत नाही. डायरी उघडून सरांनी मला विचारलं, "सातचे किती झाले?" मी म्हटलं, एकतीस मिनिटं असतील. त्यांनी लिहिलं. मग कॅप्टनच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ तसंच थांबलं. गेटकडे बघून म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन येतो रात्री."

मी शीट आवरत होतो. उरलेल्या एका चौकोनात दोन रेघा, शेवटच्या आकड्याला गोल, पंचांच्या सह्या. सात नंबर टेबलापाशी येऊन उभा राहिला. अंगावर टॉवेल, दात थंडीनं वाजत होते.

"काका, माझे किती बॉल गेले?"

"ते नाही लिहीत बेटा शीटवर. गुण आणि फाउल, बस."

त्यानं वाकून आपला नंबर शोधला. नावासमोर गोलातली फुली, दोन फाउल, आणि आकड्यांच्या रांगेत तीन ठिकाणी सात. मोबाइल काढून फोटो घेतला, मग पुन्हा एकदा घेतला, कारण पहिल्यात माझं बोट आलं होतं.

"नऊ गेले," तो म्हणाला. "मोजले मी."

गेटवरून सरांचा आवाज आला, पोहे संपतील म्हणून.